पंतांची नावडती रामायणे

आषाढवारीत तुकोबांची पालखी बारामती सोडते, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत बावड्यावरून सराटीला येते आणि तिथे नीरेत पादुकांना स्नान घडते. या सगळ्या वाटेवर कानावर पडतो तो अभंग. बारामतीतच चाळीस वर्षांहून अधिक काळ राहून लिहीत राहिलेले मोरोपंत या गजरात कुठे नसतात. बावड्यासारख्या गावच्या सप्ताहात बुवा प्रमाण देतात ते ज्ञानोबांचे, नाथांचे, तुकोबांचे. पंतांच्या आर्येची वाट निराळी. नारदीय कीर्तन, पुराणिकाचा चौरंग आणि इंग्रजी अमलात शाळेचे क्रमिक पुस्तक, अशी ती गेली.

त्या वाटेवर पंतांना चाहते भरपूर मिळाले. पण या चाहत्यांची एक जुनी अडचण आहे. पंतांवर जीव जडलेला माणूसही त्यांच्या रामायणांपाशी आला की घुटमळतो. हे अनेकवचन नजरचुकीने पडलेले नाही. पंतांनी रामायणे लिहिली ती परंपरेच्या हिशेबाने एकशे आठ.

मोरेश्वर रामाजी पराडकर यांचा जन्म 1729 चा, पन्हाळगडावरचा. केशव आणि गणेश पाध्ये या बंधूंकडे त्यांचे काव्यशास्त्राचे शिक्षण झाले. ऐन तारुण्यात ते बारामतीला आले ते बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयाला. नाईक सावकार, पेशव्यांचे सोयरे. थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई त्यांच्याच घरी दिलेली. बाजीरावांच्या मृत्यूनंतर रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी बाबूजींचे नाव पुढे केले होते, ते जमले नाही. एका अर्थी मराठी कवितेचे भलेच झाले म्हणायचे. कऱ्हेकाठच्या नाईकांच्या वाड्यात पंतांना पुराण सांगायचे काम, पोटापाण्याची निश्चिंती आणि लिहायला उदंड वेळ मिळाला. 1794 साली त्यांनी देह ठेवला तो बारामतीतच.

एवढ्या वर्षांत त्यांनी जे लिहिले ते वाचायलाही एक जन्म अपुरा पडावा. आर्याभारत, कृष्णविजय, हरिवंश, मंत्रभागवत, संशयरत्नमाला, केकावली. आर्या हे त्यांचे हुकमी वृत्त. खरे तर त्यांच्या बहुतेक आर्या शास्त्राने ‘गीति’ ठरतात: बारा मात्रा, मग अठरा, पुन्हा बारा, पुन्हा अठरा. कोणत्या कवीची कोणती रचना श्रेष्ठ हे सांगणारा जो जुना श्लोक घरोघर पाठ असे, त्यातही आर्या पंतांच्याच नावे लावली आहे. विराटपर्वातला बढाईखोर उत्तर, कर्णपर्वात कर्णाला टोचून बोलणारा शल्य आणि त्याने सांगितलेली हंस-कावळ्याची गोष्ट हे वाचताना हा पंडित कवी माणसांची बोली किती नेमकी पकडतो हे कळते. जेमतेम सव्वाशे श्लोकांच्या केकावलीत तर पांडित्याचा अंगरखा उतरवून ते देवाशी थेट भांडतात.

मग रामायणे उघडावीत. एक विद्युन्माला रामायण, म्हणजे आठच्या आठ अक्षरे गुरू असलेल्या वृत्तातले. एक मंत्ररामायण, त्यात रामनामाचा तेरा अक्षरी मंत्र गुंफलेला. एक परंतु रामायण, एक लघुरामायण. आणि सगळ्यांवर कडी करणारे निरोष्ठ रामायण. यात ओठाला ओठ लावून म्हणायची अक्षरे वर्ज्य. म्हणजे प, फ, ब, भ, म बाद. म गेला की राम गेला. लक्ष्मण गेला, भ बरोबर भरतही गेला. हनुमंत, बिभीषण, कुंभकर्ण कुणीच उरत नाही. चार भावांत एकटा शत्रुघ्न वाचतो, आणि उकारही ओष्ठ्य मानणाऱ्या शिक्षाकारांचे ऐकले तर तोही हातचा जातो. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याचेच नाव घेता येऊ नये असा नियम कवीने आपण होऊन पत्करला. शब्दांवरची ही हुकमत पाहून तोंडात बोट जाते. डोळ्यांत पाणी काही येत नाही.

अशा रचनांची नावड कुणी उघड बोलून दाखवली, कुणी निवड करून. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी 1854 मध्ये ‘नवनीत’ हे वेच्यांचे पुस्तक केले आणि पुढच्या कित्येक पिढ्यांना पंत भेटले ते निवडक. दादोबा पांडुरंगांना 1865 मध्ये टीका लिहावीशी वाटली तीही केकावलीवर. ‘यशोदा पांडुरंगी’ ती हीच. 1874 मध्ये निबंधमाला सुरू केल्यावर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पंतांच्या कवितेवर विस्ताराने लिहिले, पंतांची बाजू हिरिरीने घेतली. 1908 मध्ये ल. रा. पांगारकरांनी चरित्र आणि काव्यविवेचन एकत्र करून जाडजूड ग्रंथ दिला. पंतांचा सन्मान वाढत गेला, पण रसिकांच्या ओठांवर राहिले ते भारत आणि केकावली. रामायणांचे कौतुक ‘केवढी ही कारागिरी’ एवढ्यावरच थांबत आले.

पण यात पंतांवर थोडा अन्याय होतो. ही रामायणे एकामागून एक वाचायची म्हणून लिहिलेली दिसत नाहीत. एकशे आठ ही जपमाळेची संख्या आहे. रामाचा हा उपासक तोच मणी पुन्हा पुन्हा ओढतो आहे आणि प्रत्येक वेळी हाताला नवा पैलू लागावा म्हणून स्वतःला नवी अट घालतो आहे. शिवाय त्या काळी हे ऐकले जाई. कीर्तनात आर्या, साकी, दिंडी चालीवर येतात. उत्तररंगात एखादी चमत्कृतीची आर्या कडाडली की श्रोते माना डोलावतात आणि बुवा पुढे निघतात. याच साक्या-दिंड्या 1880 च्या शाकुंतलात आणि 1882 च्या सौभद्रात अण्णासाहेब किर्लोस्करांनी रंगभूमीवर आणल्या आणि नाटकाच्या प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. घोटभर ऐकायची वस्तू छापखान्याने घागरभर वाचायला दिली. निर्णयसागरचा ‘काव्यसंग्रह’ आणि रा. द. पराडकरांनी नंतर सिद्ध केलेली समग्र आवृत्ती नसती तर पंत हरवले असते हे खरेच, पण कंटाळा येण्याची सोयही त्या ‘समग्र’नेच केली.

थोरांच्या बाबतीत हे सर्वत्र घडते. बेथोव्हेनच्या भक्तांना 1813 ची ‘वेलिंग्टन्स व्हिक्टरी’ ही तोफा-बंदुकांच्या आवाजांनी भरलेली रचना कानांवर नकोशी होते, आणि ती त्याच्या हयातीत तुफान लोकप्रिय होती. चायकोव्हस्कीला तर स्वतःचेच ‘1812’ फारसे आवडत नव्हते. ते गोंगाटी होणार, असे त्याने लिहितानाच म्हणून ठेवले होते.

पंतही नावडीच्या या खेळात एकदा दुसऱ्या बाजूला उभे होते. सोलापूरचे रामजोशी संस्कृत शिकलेले, बुद्धी तल्लख, आणि नाद तमाशाचा. त्यांच्या लावण्यांनी फड गाजत. आख्यायिका अशी की पंतांनी त्यांची रचना ऐकली, प्रतिभा ओळखली, ‘कविप्रवर’ म्हणून गौरव केला, आणि ही वाणी लावणीत खर्ची पडू नये असे बजावले. कवी आवडला, त्याचा माल नावडला. पुढे रामजोशी कीर्तनाकडे वळले आणि पंतांच्या आर्या गावोगाव पोहोचवण्याचे श्रेय परंपरा त्यांच्याच कीर्तनांना देते. म्हणजे या नावडीचा लाभ झाला तो पंतांच्या आर्यांनाच.

रामजोशींच्या कीर्तनांचे मात्र आता कुणी नाव काढत नाही. 1947 मध्ये राजकमलने ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट काढला. लेखणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचे, पडद्यावर जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर. चित्रपटगृहांत लोकांनी गर्दी केली ती लावण्यांसाठी.