फांदीवरची साखर : नाताळच्या खाद्य-सजावटीचा वाङ्मयीन मागोवा

नाताळच्या भेटीच्या वेष्टनावर घरी केलेले, साखरेच्या नक्षीचे बिस्किट फितीने बांधण्याची हौस आज अनेक देशांत दिसते. बिस्किट ही शोभा आणि खोक्यातली वस्तू ही भेट, अशी आपली समजूत असते. या सजावटीचा उगम ज्या जर्मनभाषक प्रदेशाकडे जातो, तेथील इतिहास मात्र वेगळे सांगतो. तेथे शोभा हीच भेट होती आणि ती खाऊन संपवणे हाच ती स्वीकारण्याचा रिवाज होता.

स्ट्रासबर्गविषयीच्या १६०५ सालच्या एका नोंदीत, लोक नाताळात खोलीत फर वृक्ष उभा करून त्यावर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदे, पातळ वेफर, सोनेरी वर्ख आणि साखर टांगतात, असा उल्लेख आहे. या पाच वस्तूंपैकी तीन खाण्याच्या आहेत. पुढे त्यांत सोनेरी मुलाम्याचे अक्रोड, मध-मसाल्याचे केक, कोरीव लाकडी साच्यात ठसवून वाळवलेली व मग भाजलेली बिस्किटे यांची भर पडली. साखर मात्र दीर्घकाळ चैनीचीच वस्तू राहिली. ती समुद्रापलीकडच्या मळ्यांतून, गुलामांच्या श्रमांवर येत असे. बिटापासून साखर काढण्याचा पहिला कारखाना आखार्ड याने सायलेशियात उभारला तो १८०१ साली. फांदीवरच्या साखरेच्या एका तुकड्यामागे घरातल्यांनी केलेली काटकसर असे, हे ध्यानात ठेवले म्हणजे तत्कालीन साहित्यातले तिचे स्थान उमगते.

गटेच्या 'वेर्थर' या कादंबरीत (१७७४) नायिका लोटे पहिल्या भेटीतच धाकट्या भावंडांना पाव कापून वाटताना दिसते. अखेरीस, नाताळच्या आधी, ती त्यांच्यासाठी खेळणी मांडून ठेवत असते. तेव्हा वेर्थर, अवचित दार उघडावे आणि मेणबत्त्या, मिठाई व सफरचंदे यांनी सजलेले झाड समोर यावे, त्या बालपणीच्या आनंदाविषयी बोलतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत येऊ नका, असे लोटे त्याला बजावते. ती संध्याकाळ येण्यापूर्वीच तो आयुष्य संपवतो. येथे साखरेचे झाड म्हणजे ज्या घराच्या वर्तुळात त्याला प्रवेश नाही, त्या घराची खूण आहे.

हॉफमानच्या 'नटक्रॅकर आणि उंदीरराजा' या कथेत (१८१६) झाडावर सोनेरी-रुपेरी सफरचंदे आहेत, आणि साखरेत घोळलेले बदाम कळ्याफुलांसारखे उमललेले आहेत. ते झाड जणू मुलांना आपली फळेफुले तोडण्याचे आमंत्रणच देते. पुढे उंदीरराजा मारीकडे तिच्या गोड वस्तू मागतो. नटक्रॅकरला वाचवण्यासाठी ती आधी मिठाई आणि मग डिंक व साखरेच्या लगद्यापासून केलेल्या लाडक्या बाहुल्याही देऊन टाकते. जे नाशवंत आहे, त्याचाच त्याग करता येतो. हॉफमानने ही गोष्ट मुलीच्या अश्रूंतून सांगितली आहे.

अँडरसनच्या 'फर वृक्ष' या कथेत (१८४४) दृष्टिकोन उलटतो. कागदी जाळीच्या पिशव्यांतली मिठाई आणि सोनेरी सफरचंदे मिरवणारे झाड स्वतःच्या वैभवावर भाळलेले असते. मुलांना झाड लुटण्याची मुभा मिळते, फांद्या करकरतात. आणि मग एक म्हातारी दाई सोडल्यास कोणी त्याच्याकडे पाहतही नाही. तीही एखादे अंजीर वा सफरचंद राहिले आहे का, एवढेच पाहते. झाडाची वंचना यात आहे की, शोभा आपली आहे असे त्याला वाटले. ती तर मुलांची होती.

याच शतकाच्या मध्यास थुरिंगियातल्या लाउशा गावी काचेच्या शोभेच्या वस्तू होऊ लागल्या. त्यांत फळांचे व अक्रोडांचे आकार होते. १८८० नंतर वुलवर्थ या अमेरिकी व्यापाऱ्याने त्या विकायला घेतल्यावर त्यांचा प्रसार वाढला. आकार तोच राहिला, कृती मात्र लोपली. काचेचे सफरचंद तोडायचे नसते. ते कापसात गुंडाळून पुढच्या वर्षासाठी ठेवायचे असते. भेटी झाडावरून उतरून झाडाखाली, खोक्यांत गेल्या.

काचेने वस्तूला दीर्घायुष्य दिले आणि वर्षानुवर्षांच्या आठवणीही दिल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु लाउशातले हे कामही घरोघरी, लहान मुलांच्या हातांच्या मदतीने चालत असे. फरक एवढाच की साखरेची सजावट घरच्या मुलांसाठी होत होती आणि काचेची दूरच्या, अपरिचित घरांसाठी. घरगुती खाद्य-सजावटीचा विचार करताना 'हाताने केलेले' एवढे म्हणून भागत नाही. ते कोणाच्या तोंडी पडणार हे करणाऱ्याला ठाऊक आहे काय, हा प्रश्नही विचारावा लागतो. लोटेला ते ठाऊक होते.