बालकर्करोग : उपचारांचे विलंबित परिणाम
बालपणी कर्करोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तींत उपचार संपल्यावर काही महिन्यांनी वा अनेक वर्षांनी उद्‌भवणाऱ्या विकारांना विलंबित परिणाम म्हणतात. रुग्ण दीर्घकाळ जगू लागले, तेव्हाच हे परिणाम दृष्टीस पडले.

बॉस्टन येथील विकृतिवैज्ञानिक सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये ॲमिनोप्टेरिन या औषधाने मुलांतील तीव्र रक्तकर्करोग तात्पुरता शमतो, असे दाखविले. तथापि मेंदूभोवतीच्या द्रवात औषध पुरेसे पोहोचत नसे. तेथे दडलेला रोग पुन्हा उलटे. मेंफिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात (स्थापना १९६२) डॉनल्ड पिंकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी रासायनी चिकित्सेला डोक्यावरील प्रारण चिकित्सेची (किरणोपचाराची) जोड दिली. १९६७-६८ मधील त्यांच्या प्रयोगात सु. निम्मी मुले कायमची बरी झाली.

या यशाची किंमत पुढे कळली. प्रारण मिळालेल्या अनेक मुलांची उंची खुंटली, अध्ययनक्षमता घटली व काहींना मेंदूत नवी अर्बुदे झाली. वाढत्या वयातील मेंदू व पोष ग्रंथी प्रारणाने सहज दुखावत असल्यामुळे अगदी लहान मुलांची हानी अधिक होई. केवळ रोगमुक्ती पुरेशी नाही, असे प्रतिपादन ज्यूलिओ डॅन्जिओ यांनी १९७५ मध्ये केले. डॉक्सोरुबिसीन या औषधाने अनेक वर्षांनंतरही हृदयाचे स्नायू दुर्बल होतात, हे १९९१ मध्ये दिसून आले.

अमेरिका व कॅनडा यांतील रुग्णालयांनी १९९४ मध्ये संयुक्त पाहणी सुरू केली. १९७०–८६ या काळात रोगनिदान झालेल्या १०,३९७ व्यक्तींची माहिती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय सु. २७ वर्षे होते. तरीही ६२% व्यक्तींना किमान एक चिरकारी विकार होता. गंभीर विकारांचे प्रमाण त्यांच्या भावंडांच्या सु. आठपट होते.

या ज्ञानाने उपचारच बदलले. सेंट ज्यूड रुग्णालयाच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डोक्यावरील प्रतिबंधक प्रारण सर्व मुलांत वगळून औषधे थेट मेरुद्रवात दिली होती. तरी ९०% हून अधिक मुले पाच वर्षांनंतरही जिवंत होती. ज्या उपायाने रोगमुक्ती प्रथम शक्य झाली, तोच अशा रीतीने बव्हंशी मागे पडला.

भारतात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांच्या दीर्घकालीन तपासणीसाठी १९९१ मध्ये स्वतंत्र विभाग सुरू झाला. जुन्या पद्धतीचे उपचार घेतलेली मुले आता प्रौढ झाली असून त्यांच्या हृदयाची, ग्रंथींची व नव्या अर्बुदांसंबंधीची तपासणी आयुष्यभर होत राहणे आवश्यक असते.