स्मरणशक्तीचे खाचखळगे

माणसाच्या स्मरणशक्तीचा एक मोठा फायदा आहे. ती बाजारातून आणावी लागत नाही. कमी पडली तर बायको पुरवते. कॉम्प्युटरचं तसं नाही. त्याला ती विकत घेऊन द्यावी लागते, आणि नुसती घेऊन भागत नाही, ती त्याला मानवावी लागते. सुटे भाग आणून घरी कॉम्प्युटर जोडणाऱ्या मंडळींना विचारा. मेमरीची पट्टी मदरबोर्डाला मानवली नाही, की दिवे लागतात, पंखे घरघरतात आणि पडदा मात्र काळाठिक्कर! आमचे एक शेजारी याला पत्रिका जुळवणं म्हणतात. मला ही उपमा पटत नाही. पत्रिका न जुळताही लोकांचे चाळीस-चाळीस वर्षं संसार चालतात.

हे मानपान पहिल्यापासूनचं नव्हे. १९५३ साली अमेरिकेत एमआयटीच्या 'व्हर्लविंड' यंत्राला फेराइटच्या बारीक कड्यांची मेमरी बसवली. एका कड्यात एक बिट, म्हणजे एक 'हो' किंवा एक 'नाही', आणि प्रत्येक कड्यातून तारा ओवलेल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला आणि १९६० मध्ये कामाला लागलेला टिफ्रॅकही असाच कड्यांच्या जोरावर लक्षात ठेवायचा. कारखान्यांतून हे ओवण्याचं काम बहुतेक बायका करीत. (लक्षात ठेवण्याचं खातं तिथेही बायकांकडेच!) पण 'ही मेमरी या यंत्राला होईल का?' असा प्रश्न कुणी विचारत नसे. ज्याची त्याच्यासाठी बेतलेली, शिंप्याकडे माप देऊन शिवलेल्या कोटासारखी.

तयार कपडे निघाले आणि मापाच्या भानगडी सुरू झाल्या. १९६६ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यावर एक बिट सांभाळण्याची युक्ती सुचली. गोम एवढीच, की हा कपॅसिटर गळका. त्यातला विद्युतभार पाझरून जातो, म्हणून सेकंदाला कित्येकदा त्याला 'लक्षात आहे ना?' असं विचारावं लागतं. कोपऱ्यावर दूध आणायला जाणाऱ्या माझ्यासारख्या गृहस्थाला ही पद्धत नवी नाही. १९७० मध्ये इंटेलने ११०३ नावाची १०२४ बिटांची चिप आणली आणि कड्यांचे दिवस भरले.

पुढे जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० झळकला. भाग मागवा, डाग द्या, घरच्या घरी कॉम्प्युटर! मेमरी २५६ बाइट. एवढ्यात माझं एखादं बऱ्यापैकी लांब वाक्यसुद्धा मावणार नाही. त्यावर बेसिक ही भाषा चालवायची तर निदान चार किलोबाइट हवेत. ते बोर्ड एमआयटीएस ही अल्टेअरवाली कंपनी विकत असे, आणि ते धड चालत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. दुसऱ्यांचे बोर्ड त्याच खाचेत बसत आणि चालतही. मग कंपनीने शक्कल लढवली: बेसिक सुटी घ्याल तर ५०० डॉलर, आमच्या मेमरीबिमरीसकट घ्याल तर १५०! शेगडी घेतल्याशिवाय गॅसचा सिलिंडर न देणारे दुकानदार आपल्याकडेही होऊन गेले. लोकांनी मेमरी दुसरीकडून घेतली आणि बेसिकच्या कागदी फिती हळदीकुंकवाच्या वाणासारख्या आपसात वाटल्या. त्यावर फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स नावाच्या वीस वर्षांच्या मुलाने हौशी मंडळींना जाहीर पत्र लिहून चोर ठरवलं. सॉफ्टवेअर कुणाचं, हे भांडण तिथून आजवर चाललंय. मला तरी त्याचं मूळ त्या नादुरुस्त मेमरीतच दिसतं.

१९८१ च्या आयबीएम पीसीत सुट्या चिपा एकेक करून बोटांनी बसवायच्या. नऊ-नऊंची रांग: आठ काम करणाऱ्या आणि नववी त्या आठांची चूक पकडणारी. म्हणजे सरकारी कचेरीपेक्षा प्रमाण बरंच म्हणायचं. एखादा पाय वाकला की संपलं. शिवाय तापून-निवून या चिपा हळूहळू खोबणीतून वर सरकत. इलाज काय? झाकण उघडून अंगठ्याने दाबणे!

मग १९८३ मध्ये वाँग लॅबोरेटरीजने चिपा एका पट्टीवर डकवून टाकल्या. या कंपनीचे मालक आन वाँग हेच कड्यांच्या मेमरीच्या मूळ पेटंटवाल्यांपैकी एक; ते पेटंट त्यांनी १९५६ मध्ये आयबीएमला पाच लाख डॉलरला विकलं होतं. पट्टी सोयीची, पण एका वेळी आठ बिट देणारी. आणि ४८६ चं यंत्र एका घासाला ३२ मागणारं. म्हणून चार पट्ट्या एकदम, त्याही सारख्या. चार खांदेकऱ्यांशिवाय उचलायचंच नाही, आणि चौघांची उंची एक हवी!

नव्वदच्या दशकात हे सगळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर उतरलं. 'असेंबल्ड' कॉम्प्युटर तिथूनच घरोघर गेले. पट्टी चालेना झाली, की दुकानातला पोरगा शांतपणे खिशातून खोडरबर काढी आणि तिची पिवळी टोकं घासून परत बसवी. गेलेली स्मरणशक्ती खोडरबराने परत येते हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. भाव मात्र रोज निराळा. जुलै १९९३ मध्ये जपानात निहामा इथे सुमितोमोच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपांवरच्या आवरणासाठी जगाला लागणाऱ्या राळेपैकी निम्म्याहून अधिक तिथे होत असे. मेमरीचे भाव जगभर भडकले.

त्यानंतर १९९९ च्या सुमारास इंटेलने रॅम्बसच्या मेमरीचा आग्रह धरला. ती महाग तर होतीच, पण बोर्डावरचा एकही स्लॉट मोकळा ठेवलेला तिला खपत नसे. उरलेल्या जागी चिप नसलेली, नुसती तोतया पट्टी बसवावी लागे. बायको हयात नसली तर कनवटीला सुपारी लावून धर्मकार्याला बसतात, त्यातलाच प्रकार. लोकांनी नको म्हटलं, आणि २००० मध्ये प्रमाणित झालेली डीडीआर जिंकली.

या घराण्यात दर पिढीचा आहार कमी होत गेला: अडीच व्होल्ट, मग १.८, १.५, १.२ आणि २०२० मधल्या डीडीआर-५ ला १.१. आता गंमत पाहा. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ दोन्हींना २४० पिना, लांबीही तीच. अनोळखी माणसाला जुळ्या बहिणी. चुकीची बसवली तर? बसतच नाही! जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेने दर पिढीला पट्टीतली खाच थोडी सरकवली. माणसाच्या अकलेवर विसंबून न राहणारी समिती मी ही एकच पाहिली.

पण खाच फक्त जात सांगते, स्वभाव सांगत नाही. वेग, वेळा वगैरे तपशील पट्टीवरच्या एका इवल्या चिपेत लिहिलेला असतो; तो वाचून बोर्ड कामाला लागतो. २००७ पासून इंटेलने त्यात 'एक्सएमपी' नावाची जादा नोंद सुरू केली. वेष्टनावर छापलेला मोठा आकडा तो हाच. हाताने चालू केल्याशिवाय मिळत नाही आणि केल्यावरही बोर्डाला झेपेलच असं नाही. म्हणून बोर्डवाल्यांनी तपासून छापलेल्या यादीतली पट्टी घ्यावी, आणि लागेल तेवढी एकाच पुडक्यातली जोडी घ्यावी. आज दोन, दिवाळीला आणखी दोन, हा मध्यमवर्गीय हिशेब इथे अंगाशी येतो. एकाच नावाच्या पुडक्यांतही चिपा निराळ्या निघतात, आणि डीडीआर-५ च्या चार पट्ट्या लावल्या की बोर्ड बहुधा वेगच कमी करतो.

आमच्या पुतण्याला हे सगळं ठाऊक होतं. तरी त्याचे बेत ढासळले, कारण २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गोदामांनी मेमरी पोत्यांनी उचलली आणि किरकोळीचे भाव पुन्हा आकाशाला भिडले.

"काका, दोनच घेतल्या. सोळा-सोळाच्या," तो म्हणाला. "दोन स्लॉट मोकळे राहिले."

राहू देत म्हटलं. हिला सुपारी लागत नाही.