पाणी समजून डांबरावर

चिखलोली धरणाचं पाणी अंबरनाथच्या नळांना येतं. अशा संथ पाण्याच्या गाळात केनिस या वंशातले मेफ्लाय नावाचे कीटक वाढतात. पूर्ण वाढ झाली तरी अंगानं जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. एका मादीच्या शेवटच्या दिवसाचा खालचा घटनाक्रम त्यांच्या जीवशास्त्रावरून मांडला आहे. संध्याकाळ पाऊस सरल्यावरची, ऑक्टोबरातली. वेळा अंदाजे आहेत, क्रम मात्र ठरलेला.

सकाळी ८ : उरले १२ तास
पिल्लू गाळातले कुजके कण खातंय. पोटावरच्या कल्ल्यांची दुसरी जोडी रुंद, चौकोनी. ती मागच्या नाजूक कल्ल्यांवर झाकण धरते. झाकण उचललं की खालचे कल्ले लहरतात आणि ताजं पाणी आत येतं. गाळात राहून श्वास घेण्याची ही सोय.

दुपारी ४ : उरले ४ तास
पाठीवरच्या पंखांच्या पिशव्या काळ्या पडल्या. खाणं थांबलं ते कायमचं, कारण प्रौढाचं तोंड निकामी असतं. पुढचं सगळं साठवलेल्या शक्तीवर.

६:२० : उरले १०० मिनिटं
सूर्य मावळला. पिल्लू पृष्ठभागावर येतं, पाठ उकलते, पंखवाला जीव उडतो.

६:३० : उरले ९० मिनिटं
गवतावर टेकून पुन्हा कात. पंख फुटल्यावर कात टाकणारा कीटकांचा हा एकमेव गण.

६:४५ : उरले ७५ मिनिटं
नरांचा थवा वरखाली होतोय. मादी शिरते, नर लांब पुढच्या पायांनी तिला धरतो. मिलन उडतानाच.

७:१५ : उरले ४५ मिनिटं
मादी पाणी शोधते. पाण्यावरून परतलेला प्रकाश आडव्या दिशेनं ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः आडव्या कंपतात; हीच तिची खूण. गुळगुळीत काळं डांबरही तसाच प्रकाश परतवतं, कित्येकदा पाण्याहून ठळक. हंगेरीच्या संशोधकांनी १९९८ मध्ये हे दाखवून दिलं. रस्त्यावरचा दिवा तिला आणखी ओढतो.

७:४० : उरली २० मिनिटं
शेकडो अंडी डांबरावर. प्रत्येक अंड्याच्या टोकाशी धाग्यांचं वेटोळं असतं. ते पाण्यात उलगडून अंड्याला तळाशी धरून ठेवतं. इथे उलगडायला पाणीच नाही.

८:०० : शून्य
अंडी सुकली. मादीकडे दुसरा दिवस नाही.

वालधुनी नदीत रसायनं ओतली की पाण्यातला जीव मरतो, हे या पट्ट्यात पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण चांगल्या पाण्यातून सुखरूप बाहेर पडलेली मादी रस्त्यावर संपते, ते पाण्याच्या कुठल्याही तपासणीत दिसत नाही. पुढच्या हंगामात गाळ साफ करणारी आणि माशांचं पोट भरणारी पिल्लंच कमी होतात.

अंबरनाथ-बदलापूरदरम्यान चिखलोली स्थानक होऊ घातलंय. त्यामागून रस्ते, इमारती आणि दिवे येणारच. डॅन्यूब नदीवरच्या एका पुलापाशी पाण्यालगत दिवे लावून माद्यांना पाण्यावरच रोखण्याचा प्रयोग झाला. आपल्याला त्याहून सोपं जमेल: धरणालगतच्या दिव्यांना खाली तोंड केलेली झाकणं, पाणी आणि रस्त्याच्या मध्ये दाट झाडांची रांग, आणि तिन्हीसांजेचे दोन तास मंद उजेड. हे नकाशावर आत्ताच आखायला हवं. खांब उभे राहिल्यावर ते बदलायला कुणी पैसे देत नाही.