जमवलेला वाचक कशावर खर्च करायचा? टिळक, आगरकर आणि आपण

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने मला गाठलं. म्हणाला, "सर, फॉलोअर्स वाढवायच्या युक्त्या आता सगळ्यांना ठाऊक झाल्यात. पण ते टिकवायचे कसे?" मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याची ही खोड असते, प्रश्न आला की तो आधी प्रश्नालाच उलटून पालटून बघतो. टिकवायचे कसे, याच्या आधी टिकवायचे कशासाठी, हे ठरायला हवं. आणि या मुद्द्यावर पुण्यात दोन जिवलग मित्रांची ताटातूट झालेली आहे, तीही एकशेतीस-चाळीस वर्षांपूर्वी. आज तीच हकिकत सांगतो.

सुरुवात विष्णुशास्त्री चिपळूणकरांपासून करायला हवी. १८७४ मध्ये त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक काढलं. सात वर्षांत ८४ अंक निघाले आणि त्यातलं जवळजवळ सगळं लेखन त्यांचं एकट्याचं. इंग्रजी शिकलेल्या, पण त्या शिक्षणाने थोड्या खजील झालेल्या तरुणांना या मासिकाने सांगितलं, की तुमची भाषा आणि तुमचा इतिहास लाज वाटावी असा नाही. शिवाय शास्त्रीबुवांची लेखणी बोचरी. लोकहितवादी, जोतीराव फुले, दयानंद सरस्वती, कोणालाही त्यांनी सोडलं नाही. वाचकाला स्वाभिमान द्यायचा आणि सोबत झोडपायला एक प्रतिपक्षही द्यायचा, ही जोडी वाचक फार लवकर जमवते. ती आजही तितकीच चालते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

त्याच मंडळींनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढलं आणि १८८१ च्या जानेवारीत दोन पत्रं: इंग्रजी 'मराठा' आणि मराठी 'केसरी'. इथे एक गोष्ट आपण नेहमी विसरतो. 'केसरी'चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर होते. टिळकांकडे 'मराठा' होता. म्हणजे 'केसरी'चा पहिला वाचक जमवला तो आगरकरांनी.

वर्षभरातच कोल्हापूर प्रकरण उद्भवलं. तिथल्या तरुण छत्रपतींच्या होणाऱ्या छळाबद्दल या पत्रांनी दिवाण बर्व्यांवर लिहिलं, बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद लावली, आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. दोघं सुटून आले तेव्हा लोकांनी त्यांचं जंगी स्वागत केलं. या खटल्यात त्यांना जामीन मिळावा म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांत जोतीराव फुले होते! ज्या फुल्यांवर 'निबंधमाले'ने आसूड ओढले होते, तेच. आपल्या गोटातला नाही म्हणून माणसाला वाऱ्यावर सोडायचं, हा हिशेब फुल्यांनी केला नाही. ही गोष्ट मनाशी ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तर आता या मंडळींपाशी वाचक आहे. नुसता वर्गणीदार नव्हे. एक अंक एका गावात यायचा, कोणीतरी तो मोठ्याने वाचायचा आणि दहा-वीस जण ऐकायचे. मग प्रश्न आला, या माणसांना सांगायचं काय?

आगरकरांना बालविवाहाबद्दल बोलायचं होतं, विधवांच्या केशवपनाबद्दल बोलायचं होतं. मिल आणि स्पेन्सर वाचलेला हा माणूस. रूढी जुनी आहे म्हणून खरी, हे त्याला पटणं शक्य नव्हतं. पण पत्र एकट्याचं नव्हतं, मंडळाचं होतं, आणि बहुतेक सहकाऱ्यांना ही मतं 'केसरी'त नको होती. १८८७ मध्ये आगरकरांनी संपादकपद सोडलं. पुढच्या वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. मराठी बाजू त्यांची, इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखल्यांची. जमवलेला वाचक मागे ठेवून, नव्याने शून्यापासून सुरुवात. त्याबद्दल पुण्याने त्यांना काय दिलं? जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली.

टिळकांची भूमिका वेगळी होती, आणि ती न्यायाने सांगितली पाहिजे. लोकांना खूश ठेवून अंक खपवावा, इतका साधा विचार त्यांचा नव्हता. लढाई परक्या सरकारशी आहे. त्यासाठी सगळा समाज एकत्र हवा. घरातल्या भांडणात ही शक्ती खर्ची घालू नये, असं ते मानत. लोकांचा विश्वास हे भांडवल आहे असं धरा. आगरकर ते येईल तसं खर्च करत होते. टिळक एका बाजूला जपून ठेवत होते, दुसऱ्या बाजूला वापरायला.

आणि त्यांनी ते वापरलं, यात शंका नाही. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव, मग शिवजयंती: वाचकाला त्यांनी वाचकच राहू दिलं नाही, त्याला रस्त्यावर आणलं. १८९७ मध्ये 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा अग्रलेख लिहिला आणि त्याच वर्षी राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ मध्ये सहा वर्षं मंडाले. त्या शिक्षेनंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. त्यांतल्या कितीतरी जणांना अक्षरओळखही नसेल. त्यांनी 'केसरी' ऐकला होता. अनुयायी म्हणजे काय, हे त्या सहा दिवसांत दिसलं.

पण जपून ठेवण्याचीही किंमत असते, आणि ती नेहमी जपणाराच देतो असं नाही. संमतिवयाचं विधेयक बघा. मुलीचं संमतिवय दहावरून बारावर न्यायचं, एवढाच तो बदल. त्याच सुमारास कलकत्त्यात फुलमणी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली होती. टिळकांनी विधेयकाला विरोध केला. मुलींची लग्नं सोळाच्या आत करू नयेत, असा स्वेच्छेचा नियम त्यांनी स्वतः सुचवला होता हे खरं. पण परक्या सरकारचा कायदा नको. १८९१ मध्ये कायदा झाला. मी टिळकांना मोठा माणूस मानतो. तरी विचारावं लागतं, की या बाबतीत जे जपलं गेलं, त्याचं मोल कोणी दिलं? ज्यांना 'केसरी'ची वर्गणी भरता येत नव्हती, वाचता येत नव्हतं, त्या मुलींनी.

दुसरंही एक बघा. १८९० मध्ये पुण्यात पंच हौद मिशनमध्ये काही मंडळी चहाला गेली. रानडे होते, टिळकही होते. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून टाकली. आज स्क्रीनशॉट फिरतो, तसंच! ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि शेवटी रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं, टिळकांनीही. एक कप चहासाठी. लोक तुमच्या मागून चालतात तेव्हा त्यांची नजर तुमच्या पाठीवर असते, हे विसरून चालत नाही.

आता त्या तरुण मित्राच्या प्रश्नाकडे येतो. अनुयायी टिकवणं यात वाईट काही नाही. टिळकांनी टिकवले, म्हणून मंडालेच्या वेळी देश हलला. पण स्वतःपाशी एक हिशेब ठेवावा. गेल्या वर्षभरात मी असं काय बोललो, की जे बोलताना आपली काही माणसं दुरावतील हे मला ठाऊक होतं? असं एकही वाक्य सापडत नसेल, तर मी माणसं टिकवली आहेत की माणसांनी मला धरून ठेवलं आहे, हे तपासावं लागेल. उलट बाजूही तितकीच खरी. लोक तुटले म्हणून मी खरा, असंही होत नाही. आगरकरांनी वाचक गमावायचं धाडस केलं, पण प्रत्येक वेळी कारणं दिली, युक्तिवाद मांडला. नुसतं डिवचणं निराळं. आणि फुल्यांचा जामीन आठवा: आपल्या यादीत नसलेल्या माणसासाठीही वेळेला उभं राहता आलं पाहिजे.

आगरकर १७ जून १८९५ ला गेले. चाळिशीही गाठली नव्हती. मुलींच्या लग्नाचं किमान वय चौदा करणारा शारदा कायदा झाला १९२९ मध्ये. आज या सभागृहात केशवपनाची बाजू घेणारा एकही माणूस निघणार नाही. म्हणजे आगरकरांचे अनुयायी आपणच की! फक्त आपण यायला फार उशीर केला, आणि 'सुधारक'ची वर्गणी काही भरली नाही. ती आता कशी फेडायची, हे ज्याचं त्याने ठरवावं.

इथे थांबतो.