राखुंडी, मिशरी आणि पांढरे दात

पुण्यात दात घासण्याचे जुने घरगुती साधन म्हणजे राखुंडी. गोवऱ्या किंवा भाताचे तूस जाळून उरलेली राख वस्त्रगाळ करायची, तीत मीठ घालायचे आणि बोटाने दातांवर चोळायची. बाभूळ, कडुनिंब व करंज यांच्या काड्यांचे दातवणही रूढ होते. वाग्भटाने ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदग्रंथात दातवणाची काडी बारा अंगुळे लांब, करंगळीच्या टोकाएवढी जाड व टोकाशी मऊ असावी, हिरड्यांना इजा होऊ नये, असे सांगितले आहे. थंड पदार्थ व स्पर्शही न सोसणाऱ्या दातांच्या विकाराला सुश्रुताने ‘दंतहर्ष’ म्हटले.

राखुंडीने दात तात्पुरते उजळत. मात्र तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते. तिच्या खरखरीत कणांनी डागांबरोबर दातांचे कवचही झिजते. कवचाखालचे दंतिन पिवळसर असते आणि त्यात मज्जेकडे जाणाऱ्या सूक्ष्म नलिका असतात. त्या उघड्या पडल्या की गार पाण्याच्या घोटानेही सणक जाते. म्हणजे फार घासलेले दात कालांतराने अधिक पिवळे दिसतात आणि दुखतातही.

मिशरीने आणखी हानी केली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली ही पूड विशेषतः बायकांच्या वापरात होती. तिचे व्यसन जडे, दातांवर डाग पडत आणि हिरड्या खाली सरकून मुळे उघडी पडत. केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट व दंतमंजनांत तंबाखू वापरण्यास बंदी घातली. घरी भाजलेली मिशरी मात्र चालूच राहिली.

घासण्याऐवजी रसायनाने दात उजळण्यासाठी १९८९ मध्ये अमेरिकेत दंतवैद्य हेवूड व हेमन यांनी कार्बामाइड पेरॉक्साइड साच्यात भरून रात्री दातांवर ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हे रसायन कवच न खरवडता आतील रंगद्रव्याचा रंग घालवते, पण काही दिवस दातांत सणक उठवू शकते. म्हणून संवेदनशील दातांसाठी आधी कीड व हिरड्या तपासतात, पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट वापरायला देतात आणि मग सौम्य द्रावण दिवसाआड लावतात. उघड्या पडलेल्या मुळांचा रंग मात्र यानेही फारसा बदलत नाही.