फुटक्या काचेचं जहाज

इतिहास शिकवताना मुलं हमखास विचारतात, ‘सर, ते आपले होते की त्यांचे?’ तुर्कस्तानातल्या सेर्चे लिमानी खाडीत बुडालेल्या जहाजाला हा प्रश्न विचारून पाहा.

इसवी सन १०२५ च्या सुमारास ते रोड्स बेटासमोर बुडालं. पोटात सुमारे तीन टन काच होती. बरीच काच कच्ची, बाकीची फुटक्या भांड्यांची. फातिमी मुलखातलं हे भंगार वितळवून पुन्हा वापरण्यासाठी निघालं होतं. भंगारच ते! पोत्यात भरून वर आणलं असतं तर काय बिघडलं असतं?

जॉर्ज बास आणि सहकाऱ्यांनी १९७७ ते १९७९ या काळात तसं केलं नाही. तेहेतीस मीटर खोल तळावर त्यांनी लोखंडी चौकटी अंथरल्या, चौकोनांना क्रमांक दिले. तिथे पाणबुड्याला दर खेपेला थोडीच मिनिटं मिळतात. तेवढ्यात माप घ्यायचं, पाण्यात चालणाऱ्या कागदावर पेन्सिलीनं रेखाटायचं आणि कुठला तुकडा कुठल्या चौकोनातला ते लिहायचं. काचेचे तुकडेच पाच लाखांच्या वर! मला तर एका वर्गाचं हजेरीपत्रक सांभाळताना घाम फुटतो.

या चिकाटीमुळे काय काय हाती लागलं? काचेच्या वजनांवर फातिमी खलिफाचा काळ होता, त्यावरून बुडण्याचं साल ठरलं. फातिमी सोन्याची नाणी होती, तशी बायझंटाईन तांब्याचीही. मडक्यांवर ग्रीक अक्षरं कोरलेली आणि खाण्याच्या उरलेल्या हाडांत डुकराची हाडंही. म्हणजे माल मुसलमानी मुलखातला, खलाशी बहुधा ख्रिस्ती. दोन सत्ता एकमेकींच्या प्रतिस्पर्धी होत्या, व्यापारी मात्र हिशेब जुळवत होते. आता सांगा, आपलं की त्यांचं?

जहाजाचं लाकूड जेमतेम पाचवा हिस्सा उरलं होतं. रिचर्ड स्टेफी हे मूळचे इलेक्ट्रिशियन. त्यांनी नोंदींवरून एकेक तुकडा जुळवला. तो सांगाडा आज बोद्रुमच्या संग्रहालयात उभा आहे.

याच्या उलट इंडोनेशियातलं बेलितुंग. नवव्या शतकातलं, दोरीनं फळ्या शिवलेलं जहाज, अरबी बांधणीचं. १९९८ मध्ये ते सापडलं आणि व्यापारी कंपनीनं तांग काळातली सुमारे साठ हजार चिनी भांडी काढली. सांगाड्याची नोंद पुढल्या हंगामात मायकेल फ्लेकर यांनी केली, पण पहिल्या हंगामातला बराचसा माल तोवर वर आला होता. २०११ मध्ये स्मिथसोनियननं या मालाचं ठरलेलं प्रदर्शन पुढे ढकललं आणि नंतर ते तिथे झालंच नाही. भांडी सिंगापूरला सुखरूप आहेत. कुठला रांजण कुणाच्या शेजारी होता, हे आता त्यांना कुणी विचारू शकत नाही.